दत्ताकाकांच्या बुटांचा नंबर

"नऊ लिही रे. सात नको. नऊ बंड्याक बरोबर होतले."

ट्रकच्या पलीकडून दत्ताकाकांचा आवाज आला. ते सुपरवायझर सुर्व्यांना आपल्या नव्या बुटांचा नंबर सांगत होते. मी ट्रकच्या अलीकडे सावलीत उभी राहून फॉर्म भरत होते. मी ऐकतेय हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"या वयात पाय वाढले तुझे," सुर्वे म्हणाले आणि हसले. पाच मिनिटांनी त्यांनी यादी माझ्या हातात दिली. दत्ताराम परब, चेनसॉ ऑपरेटर, बूट नंबर नऊ. मी यादी बघितली, थँक यू म्हटलं आणि फाइलमध्ये ठेवली.

खरं तर ती यादी मीच करायची होती. चार माणसांना पायाचा नंबर विचारायचा, एवढंच काम. पण वडिलांच्या वयाच्या माणसांसमोर उभं राहून त्यांच्या पायांकडे बघायचं, या कल्पनेनेच मला अवघडल्यासारखं झालं. म्हणून मी ते सुर्व्यांवर ढकललं.

मी झाडं छाटणाऱ्या एका कंत्राटदाराकडे सेफ्टी ऑफिसर आहे. ऑफिस भांडुपला, कामं मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये. महापालिकेची परवानगी आली की धोकादायक फांद्या उतरवायच्या, वाळलेलं झाड असेल तर पाडायचं. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी मी वर्क परमिटवर सही करते. म्हणजे दोऱ्या, मशीन आणि माणसांच्या अंगावरची साधनं मी बघितली आणि ती ठीक आहेत, असं लिहून देते. माझ्या सहीशिवाय चेनसॉ सुरू करायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

झाडावर चढणारी माणसं वेगळी. ती अनवाणी चढतात आणि वर हातकरवत वापरतात. खाली आलेली फांदी आणि बुंधा कापायला चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीची मोटरवरची आरी लागते, ती हे चार ऑपरेटर चालवतात. एकाच्या पायात गमबूट, बाकी तिघांच्या कॅनव्हासचे बूट. दत्ताकाकांचे कॅनव्हासचे बूट तर अंगठ्याजवळ शिवलेले होते. घाटकोपरच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सने यंदा अट घातली, ऑपरेटरना चेनसॉसाठीचेच बूट आणि ग्लोव्हज हवेत. आमचे मालक पाटकर सर मला म्हणाले, "केतकी, तू निवड. तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं कळत नव्हतं. पण मी हो म्हटलं.

सरांचा पहिला प्रश्न सरळ होता. "गोडाऊनला स्टील टोचे बूट पडलेत की. तेच देऊ."

"सर, स्टील फक्त बोटांवर असतं."

"मग?"

"चेन बोटांच्या मागे बसते."

त्यांना कळेना. मी कागदावर पाऊल काढून दाखवलं. उभं राहून फांदी कापताना मशीन हातातून घसरलं, तर चेन फिरते ती पात पावलाच्या वरच्या उंचवट्यावर येते, नाहीतर घोट्याच्या पुढच्या बाजूला, नडगीवर. तिथे साध्या सेफ्टी शूजला नुसतं चामडं असतं. चेनसाठी ते काहीच नाही.

चेनसॉच्या बुटात नेमक्या त्या जागी आत खास धाग्यांचे थर असतात. वरून दिसत नाहीत. बुटावर आरीचं छोटं चित्र असतं आणि क्लासचा आकडा. क्लास म्हणजे चेन किती वेगाने फिरत असली तरी बूट टिकतो, त्याची पायरी. आपलं मशीन कोणतं, त्याप्रमाणे क्लास घ्यायचा.

ग्लोव्हजची गंमत आणखी वेगळी. सॅम्पल आलं तेव्हा सुर्वे ते उलटसुलट करून म्हणाले, "मॅडम, माल डिफेक्टिव्ह आहे. डाव्याची पाठ जाड, उजव्याची पातळ." ते तसंच असतं. पातीचं टोक कशात अडकलं की मशीन झटक्याने माणसाच्या दिशेने उसळतं. त्याला किकबॅक म्हणतात. डावा हात पुढच्या दांड्यावर असतो. तो सुटला तर थेट चेनवर जातो. उजवा मागच्या मुठीत, चेनपासून लांब. म्हणून बऱ्याच जोड्यांमध्ये जाड थर डाव्या हाताच्या पाठीवरच असतो. आमच्या माणसांना वेल्डरचे जाडजूड ग्लोव्हज हवे होते. मी ते नाकारले. तळवा इतका जाड झाला की बोटाला ट्रिगर कळत नाही.

हे सगळं मी वाचून शिकले. पण एक गोष्ट बघितल्याशिवाय मलाही पटली नव्हती. विक्रेत्याचा माणूस डेमोला आला. त्याने जुन्या चेनसॉ बुटात लाकडाचा ठोकळा घातला, बूट शिकंज्यात आवळला आणि चालू मशीनची पात त्यावर टेकवली. चामडं फाटलं, आतून शेवयांसारखे पांढरे धागे भसकन बाहेर आले, चेनबरोबर ओढले जाऊन मशीनच्या चाकात गुंतले आणि मशीन जागच्या जागी थांबलं. सगळा खेळ डोळ्याची पापणी लवेपर्यंत.

"फाटला की," एकजण म्हणाला. सगळे हसले.

"एवढं कौतुक सांगून फाटतोच?" सर मला म्हणाले.

मी समजावायला तोंड उघडलं, पण सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे वळलं आणि मी मोबाइलमध्ये बघायला लागले. तेवढ्यात दत्ताकाका पुढे झाले. त्यांनी बूट सोडवला, आतला ठोकळा काढला आणि अंगठा फिरवून बघितला. ठोकळ्यावर ओरखडा नव्हता. मग त्यांनी बाजूला पडलेला एक फाटका गमबूट उचलला आणि त्या माणसाला म्हणाले, "ह्याच्यावर घाल बघू." गमबुटातून पात आरपार गेली. ठोकळ्यात बोटभर खाच पडली.

 तो ठोकळा बराच वेळ दत्ताकाकांच्या हातात होता.

हे झालं गुरुवारी. नंबरांची यादी झाली सोमवारी. ऑर्डर जायची होती त्याच आठवड्यात शुक्रवारी. हे बूट दुकानात मिळत नाहीत, मागवावे लागतात आणि एकदा आले की बदलून मिळत नाहीत. म्हणजे माझ्याकडे चार दिवस होते.

त्यातले दोन मी गप्प बसण्यात घालवले. मनाशी म्हणत होते, त्यांचे बूट आहेत, ते काय ते बघतील. पण सोपा हिशोब होता. दोन नंबर मोठा बूट पायात फिरतो. संरक्षणाचा थर जिथे हवा तिथे राहत नाही. ओल्या उतारावर पाय आत घसरतो आणि हातात चालू मशीन असतं. आणि ते बूट गावाला त्यांच्या मुलाकडे, बंड्याकडे गेले, तर दत्ताकाका पुन्हा त्या शिवलेल्या कॅनव्हासमध्ये उभे. दोन्ही वेळेला परमिटवर सही माझी.

बुधवारी मी सुर्व्यांना हळूच विचारलं, "साइज चुकली तर?"

"काय होतंय मॅडम. पुढे कापूस कोंबतील." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "तुम्ही टेन्शन नका घेऊ. कॉम्प्लेक्सला पाठवायच्या फोटोत बूट दिसले की झालं ना."

त्याच दुपारी मुलुंडच्या एका सोसायटीत सोनमोहराचं काम होतं. जेवणाच्या सुट्टीत दत्ताकाका पंप हाउसच्या पायरीवर एकटेच बसले होते. मी डबा घेऊन तिथे गेले. बसले. दोन घास खाल्ले. मग विचारलं, "काका, बंड्या काय करतो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस तर तू."

"हो."

"म्हायत आसा, तर इचारतंस कित्याक?"

कशाला विचारते, हे त्यांचं बरोबर होतं. मग ते आपणच बोलायला लागले. मुलगा गावाला असतो, कणकवलीच्या आत. वादळात घरची आंब्याची चार कलमं पडली, तेव्हा ती कापायला त्याने जुना चेनसॉ घेतला. आता वाडीतली सगळी कामं तोच करतो.

"पायात काय घालतो?" मी विचारलं.

"स्लीपर."

"तुम्ही त्याला सांगितलं नाही?"

"सांगलंय. हसता माका. म्हणता, बाबा, तुमी काय घालतास?" त्यांनी आपल्या शिवलेल्या बुटाकडे बोट केलं. "एकवीस वर्सां मशीन धरतंय, बाय. माझो हात बसलो. तेचो अजून बसाक नाय. आता जोडी एकच मिळतली, तर ती कोणाक देऊ, तूच सांग."

 डेमोच्या दिवशी सगळे हसत होते तेव्हा त्या बुटाचा अर्थ पहिल्यांदा या माणसाला कळला होता. कळला म्हणूनच त्याने नऊ लिहायला सांगितलं होतं. यादी करताना मी त्यांच्यासमोर उभी असते, तर हे सोमवारीच कळलं असतं.

"फोन करून सांगलंय तेका," ते म्हणाले. "बूट येतत म्हणान."

गुरुवारी सकाळी कामाआधी दहा मिनिटं आमचं टूलबॉक्स टॉक असतं. म्हणजे आज काय धोका आहे ते मी सगळ्यांना सांगते. एरवी मी मोबाइलमधून वाचून दाखवते. त्या दिवशी मी जुनी वर्तमानपत्रं आणि पेन्सिल आणली होती. म्हटलं, चारही ऑपरेटरनी चपला काढून कागदावर उभं राहायचं, मी पाऊल आखून घेणार.

"नंबर दिलेत की मॅडम," सुर्वे म्हणाले.

"मोजलेले नाहीत," मी म्हटलं. पहिला कागद मी जमिनीवर पसरला.

मी खाली बसले आणि एकच गोंधळ झाला. पहिला माणूस पाय मागे घ्यायला लागला. "मॅडम, तुम्ही कशाला, आम्ही आखतो ना." दुसरा दोन्ही पाय धुऊन आला. तिसऱ्याच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली तर त्याचा हात सवयीने आशीर्वादाला माझ्या डोक्यावर गेला, आणि मग तो इतका लाजला की बाकीच्यांनी त्याला दिवसभर सोडलं नाही. "मॅडमचं लग्न लावून दे आता," असं कोणीतरी मागून म्हणालं. मीही हसले.

दत्ताकाका शेवटी आले. कागदावर उभे राहिले. रुंद, आखूड पाऊल. बोटं पसरलेली. मी आखलं, पट्टी लावली. सात.

"काका, हे मला सरांना सांगावं लागेल. दोन्ही गोष्टी, तुमचे सात आणि बंड्याचे नऊ."

त्यांचा चेहरा बदलला. "मी चोरूक नाय काय. माझे बूट मी कोणाकव दिन."

"चोरी नाही म्हणत मी. पण तुम्ही मशीन धरणार आणि सही मी करणार."

ते चपला शोधत राहिले. चपला समोरच होत्या. शेवटी म्हणाले, "सांग. पण आदी सात लिही."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. ऑर्डर पाच जोड्यांची गेली, पाचवी बंड्याची. सरांनी पाच मिनिटं कुरकुर केली आणि मग म्हणाले, "दरवर्षी दिवाळीला स्टीलचा डबा देतो, यंदा दत्ताला डबा नाही, बूट." दत्ताकाकांना बूट पहिले आठ दिवस चावले आणि त्यांनी रोज सकाळी मला ते सांगितलं. बंड्या गावाला बूट घालतो की नाही, मला माहीत नाही. फोटो मागितला नाही. मी शिकले ते एवढंच: सेफ्टीच्या पुस्तकात माप कसं घ्यायचं ते दिलेलं असतं, समोरचा माणूस माप कोणाचं देतोय ते नाही. ते जाऊन बघावं लागतं. तेव्हापासून कुठलीही यादी मी दुसऱ्याकडून करून घेत नाही.

पण शुक्रवारी सकाळी सरांच्या केबिनमध्ये यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. सुर्वे माझ्या बाजूला उभे होते.

"सर, ऑर्डरमध्ये बदल आहे. दत्ताकाकांचा नंबर सात."

"नऊ लिहिलाय."

सुर्वे जमिनीकडे बघायला लागले.

"न मोजता लिहिला होता. ते काम माझं होतं, मी केलं नाही. आता मोजलाय."

"बरं. सात." त्यांनी खोडलं. "झालं?"

"अजून एक जोडी लागेल. नऊ नंबरची."

"ऑपरेटर चार, बूट पाच?"

"स्पेअर, सर," सुर्वे पटकन म्हणाले. "असावी एखादी. कोणाची फाटली तर."

सरांनी पेन टेकवलं. "स्पेअर लिहू ना, केतकी?"

मान हलवली असती तर काम झालं असतं. जोडी स्टोअरमध्ये आली असती, महिन्याभराने सुर्व्यांच्या हातून निघून एसटीने गावाला गेली असती आणि रजिस्टरमध्ये माझ्या सहीने ती कायम स्टोअरमध्येच राहिली असती. कोणी विचारलंही नसतं. शाळेपासून अशा वेळी मी मानच हलवत आले आहे.

"नाही सर, स्पेअर नका लिहू. ती दत्ताकाकांच्या मुलासाठी आहे. तो आपल्याकडे कामाला नाही, पण चेनसॉ चालवतो, आणि स्लीपर घालून चालवतो."