एसीच्या आवाजाखालची प्रार्थना

माझा आवाज मोठा आहे असं म्हणणं म्हणजे सौदीतल्या जुबैलला उन्हाळ्यात जरा उकडतं असं म्हणण्यासारखं आहे. नगरला आमच्या चर्चमध्ये मी गायला उभा राहिलो की पेटीवाला पेटी मिटून कानात बोटं घालायचा आणि तिकडे श्रीरामपूरची कबुतरं उडायची. इथे जुबैलला प्लांटचा धोक्याचा भोंगा एकदा बिघडला, तेव्हा सुपरवायझरने मला टाकीवर चढवून ओरडायला लावलं. तीन कंपन्यांची माणसं जीव घेऊन पळाली. त्यातल्या दोन कंपन्या आमच्या नव्हत्याच.

तेव्हापासून मी भोंगा. हे नाव ठेवलं आमच्या वेल्डरने. तोही नगरचा, माझ्याच चर्चचा, आणि कॅम्पात अकरा वर्षं माझ्या शेजारच्या खाटेवर घोरणारा.

आमचा रविवार शुक्रवारी यायचा. कंपनीतल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन इंजिनिअरच्या बंगल्यात आम्ही पंधराजण जमायचो. तो एपिस्कोपल. म्हणजे लांबचा चुलताच की आमचा. इंग्रज साहेबाच्या चर्चची एक फांदी अमेरिकेत गेली, एक आमच्या नगरला आली. देवाशीसुद्धा पुस्तकात बघून, पाळी आल्यावर बोलणारी माणसं ही. घरात बसून प्रार्थना केली तर इथे कोणी काही म्हणत नव्हतं. फक्त ती भिंतीबाहेर जाऊ नये, एवढंच. म्हणून म्हातारा खिडकीतला जुना एसी पूर्ण सोडायचा, पॅसेजमध्ये व्हॅक्यूम क्लीनर चालू ठेवायचा, आणि मग आम्ही त्या घरघरीखाली ओठांतल्या ओठांत गायचो. मला एसीच्या अगदी पोटाखाली बसवत. पहिलं वर्षभर तो माझ्याकडे बघून नुसते हात खाली-खाली करायचा. पुढे त्याला हात करावे लागले नाहीत. मी शिकलो.

एकदा प्रभुभोजनानंतर, म्हणजे द्राक्षाच्या रसाचा घोट झाल्यावर, म्हातारा रंगात आला. म्हणाला, "आमच्याकडे आम्ही पाट्या घेऊन रस्त्यावर उतरतो. सरकारला पत्रं लिहितो. श्रद्धा घरात कोंडली की तिला कुबट वास येतो."

वेल्डरने तोडक्या इंग्रजीत विचारलं, "आणि इथे, सर?"

म्हातारा बराच वेळ हसला. मग उठून त्याने एसी तपासला. तो पूर्ण सुटलेलाच होता. वेल्डर माझ्या कानात म्हणाला, "भोंग्या, आपल्याला पण वास यायला लागलाय बघ." मी म्हणालो, तो तुझ्या मोज्यांचा आहे.

पुढच्या वर्षी म्हातारा रिटायर होऊन मायदेशी गेला. आणि वेल्डरचं हृदय बिघडलं.

इस्पितळात मी त्याच्या कानाशी वाकून प्रार्थना केली. त्याने डोळे उघडले. "काय पुटपुटतोस? डास आला असं वाटलं मला."

"वॉर्डात लोक आहेत."

"असू दे. पण मेलो तर माझ्यावर कुजबुजू नकोस. प्रभूची प्रार्थना म्हण. मराठीत, खणखणीत. एवढी वर्षं चोरासारखं गायलोय. जाताना तरी ऐकू येऊ दे."

"म्हणेन."

"शपथ घे. आणि मधे तुझ्या थापा घुसडू नकोस."

मी शपथ घेतली. चौथ्या दिवशी तो गेला.

त्याला नगरला पाठवायच्या कागदपत्रांना तीन आठवडे लागले. मग एका सकाळी शवागारात शवपेटी बंद करायला बोलावलं. आम्ही तिघं होतो: मी, स्टोअर सांभाळणारे रत्नागिरीचे चाचा, आणि कंपनीचे सरकारी कागद फिरवणारा सौदी माणूस. मनात मी सगळं रचून ठेवलं होतं. कोणीतरी हटकेल, दटावेल, बाहेर काढेल, आणि मी तरीही म्हणेन.

सौदी माणसाने सही केली, पेन खिशाला लावलं आणि म्हणाला, "तुमची काही दुआ असेल तर करा. घाई नाही." आणि बाजूला होऊन मान खाली घालून उभा राहिला.

मी तोंड उघडलं. भिंतीतली शीतयंत्रं घरघरत होती, अगदी त्या एसीसारखी. माझे ओठ हलले. शब्द सगळे आले, एकही चुकला नाही. आवाज आला नाही. खाकरलो, पुन्हा सुरू केलं. पुन्हा ओठच. वेल्डरचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. मी त्याच्यावर कुजबुजत होतो.

शेवटी चाचांनीच हात उचलले आणि छत दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "या अल्ला, ह्याच्या बायकापोरांना सबर दे. त्यांना कोणापुढे हात पसरायला लावू नको." सौदी माणूस आमीन म्हणाला. झाकण लागलं.

गाडीत चाचा म्हणाले, "काय झाला रे तुला? रोज माझे कान खातोस, नि आज मुका?"

"खलास, चाचा," मी म्हणालो. तेवढं मात्र मोठ्याने आलं.

त्याच दिवशी वेल्डरच्या बायकोचा, म्हणजे वहिनीचा, नगरहून फोन. "भाऊजी, मोठ्याने म्हटलीत ना? ह्यांनी मला सांगितलं होतं."

आता मी काय करणार? मला येतं तेच केलं. म्हणालो, वहिनी, भिंती हलल्या. स्टीलचे ट्रे वाजायला लागले. तो सौदी माणूस रुमाल शोधत होता. ती रडली आणि म्हणाली, "बरं वाटलं."

डिसेंबरात सुट्टीवर गेलो तर पाळकसाहेबांनी वहिनीकडून ऐकलेली ती गोष्ट साक्ष म्हणून व्यासपीठावरून सांगून टाकली होती. कोपरगावपर्यंत पोचेतो त्यात दोन शेख गुडघे टेकून बसले होते. ते मी घातलेले नव्हते, देवाशपथ. रविवारी त्यांनी मला पुढे बोलावलं. "सौदीत न भिता विश्वास बोलून दाखवणारा आपला बंधू! त्याने तीच प्रार्थना, तशीच म्हणावी."

चर्च भरलं होतं. दारं सताड उघडी, बाहेरच्या रस्त्यापर्यंत कर्णे लावलेले. पहिल्या बाकावर वहिनी. डोक्यावर पंखा घरघरत होता. मी तोंड उघडलं.

ओठ हलले.

माइकवाल्याने आवाज वाढवला, माइक शिट्टी मारून गप्प झाला. लोकांना वाटलं, माझा ऊर भरून आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना माझ्याऐवजी म्हटली, अशी की रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघायला लागले. रडत नव्हती ती एकटी वहिनी. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

नंतर फाटकाशी तिने मला गाठलं. "भाऊजी, तिथेही असंच म्हटलंत का?"

माझ्याकडे निदान सात उत्तरं तयार होती, एकाहून एक सरस. मी हो म्हणालो. तेही तिला ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही.