कॉम्प्युटरचं झबलं

शांती नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या सुगंधाताईंना ‘आता आराम करा’ असं सांगून बघा. सांगणाऱ्याचाच आराम संपतो.

ताई मूळच्या राजापूरकडच्या. नवरा गेल्यावर टायपिंग शिकल्या आणि हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडून लग्नपत्रिका करायला लागल्या. जवळच्या मुर्धा-राई गावांकडच्या पत्रिकेत काका, मामा, आत्या सगळ्यांची नावं लागतात. एक नाव खालीवर झालं की मांडवात रुसवेफुगवे सुरू. कोणाचं नाव कोणाच्या वर, हे ताईंना तोंडपाठ.

या उन्हाळ्यात कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. आधी स्क्रीनवर रंगीत रेघा, मग काळोख. मुर्ध्याच्या दत्तारामच्या मुलीची पत्रिका अर्धवट अडकली. ताईंचा मुलगा जितेश म्हणाला, मशीन संपलं, रविवारी भंगारवाला येईल, कोपऱ्यात सोफा ठेवू, आणि तूही आता बस कर. सोफा म्हणे! माझं डोकंच फिरलं. ताई मात्र भांडल्या नाहीत. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर शोधला.

समोरच्या बांधकामाची धूळ फार, म्हणून त्यांनी नुकतंच कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला जुन्या साडीचं, झालरीचं झबलं शिवलं होतं. मागे नाडी. आपल्याकडे मिक्सर-फ्रीजलाही कपडे असतात, त्यात काही नवल नाही. ते झबलं उतरवून ताई कामाला लागल्या. कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडला, तर रेघा तिथेही. म्हणजे स्क्रीन बिचारी निर्दोष. केबल बदलली, फरक नाही. मग दुकानवाले करतात तशी रॅमची पट्टी काढून खोडरबरने घासली. कॉम्प्युटर दुपारभर छान चालला. ताईंनी खुशीत झबलं चढवून नाडी बांधली. चहा उकळेपर्यंत पुन्हा रेघा.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा ताई त्या झबल्याकडेच बघत बसल्या. आत हात घातला तर कॅबिनेट तव्यासारखं तापलेलं. आतल्या पंख्याचं तोंडच झालरीने बंद केलेलं. झबलं काढलं, कॉम्प्युटर चालला. मुद्दाम पुन्हा घातलं, बंद पडला.

मी सुचवलं, जितेशला सांगू नका, रॅम खराब होती म्हणा. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा ठेवायला उठले.

रविवारी भंगारवाला दारात उभा राहिला. "आंटी, कम्प्यूटर किधर है?" जितेश वायरी काढायला वाकला, तशा ताई मधे आल्या.

"चूक माझी होती, मशीनची नाही. मीच त्याला कोंडून ठेवलं होतं. आता नीट चालतोय."

"अगं आई, आज ना उद्या तो बंद पडणारच आहे."

"पडेल तेव्हा उघडून बघेन. मी बसू की काम करू, ते मी ठरवणार. मला विचारल्याशिवाय या कोपऱ्याला हात लावायचा नाही."

जितेशने हातातली वायर खाली ठेवली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, पण पोरगा त्यांचा, मी हात आवरले.

ताईंनी झबल्याची घडी केली आणि भंगारवाल्याच्या हातात दिली. मग खुर्ची ओढून बसल्या आणि दत्तारामच्या मुलीच्या थोरल्या मामाचं नाव टाइप करायला घेतलं.