मधला तुकडा

सबनीसकाकांच्या हातात कुणी धातूचं सर्टिफिकेट दिलं, की ते आधी उलटं करून टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "तुकडा कुठून कापला?" जर्मनीतल्या आखनजवळच्या आमच्या कारखान्यात खाऱ्या पाण्याचे मोठे पंप बनायचे, धातूतपासणी काकांकडे. तीस वर्षं तिथे काढलेला हा माणूस डब्यात थालीपीठच आणायचा, आणि तेही मधून मोडून बघायचा, आत कच्चं तर नाही ना. काकू यावरून चिडायच्या.

युरो येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी नवा होतो. प्रोबेत्साइट, म्हणजे सहा महिन्यांचा कसोटीचा काळ, चालू होता. तो पार पडला की बायको आणि मुलगी पुण्याहून येणार होत्या. अशात आखातातल्या एका प्रकल्पासाठी सहा जाड फोर्जिंग्ज, म्हणजे घडीव ठोकळे, निवडायचं काम माझ्याकडे आलं. समुद्राचं पाणी साध्या स्टेनलेसला भोकं पाडतं, तिथे सुपर डुप्लेक्स नावाचं भारी स्टेनलेसच हवं, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. पुस्तकातलं काही ठाऊक असलं की मी फार रुबाबात असे. सर्टिफिकेटवर क्रोमियम, मॉलिब्डेनम, नायट्रोजन, सगळं जिथल्या तिथं होतं. सही ठोकून मोकळा झालो.

काकांनी कागद उलटा केला. तुकडा कुठून कापला, हे मला माहीतच नव्हतं. फोन केल्यावर कळलं, पुरवठादारानं चाचणीसाठी त्याच धातूची एक बारीक कांब वेगळी घडवली होती.

"कांब पाण्यात बुडवली की लगेच गार होते," काका म्हणाले. "तुझा ठोकळा वीतभराहून जाड. वरून गार, आत धुमसतोय. सावकाश निवला तर हा धातू पोटात ठिसूळ होतो, गंजतोही. वरून चकाचक. मला मधलं सांग."

मधलं कळायला सहातला एक कापावा लागणार होता, आणि मग जहाज चुकणार होतं. माझा कसोटीचा काळ संपायला सहाच आठवडे उरलेत, तेवढं सांभाळून घ्या, अशी मी गयावया केली. काकांनी अर्धं थालीपीठ माझ्यापुढे सरकवलं.

"त्या पंपाशेजारी कोण उभं राहणार, त्याचं नाव आपल्याला कधी कळणार नाही. म्हणून कापायचं."

ठोकळा कापला. पोटातून काढलेला तुकडा चाचणीयंत्राच्या लंबकाच्या एका फटक्यात खारी बिस्किटासारखा तुटला. काकांनी तो माझ्या हातात ठेवला आणि मला एकट्यालाच शेफकडे, म्हणजे आमच्या साहेबांकडे, पाठवलं. म्हणाले, मी सांगितलं तर ती तक्रार होईल. शेफनं ऐकून घेतलं, "गेनाऊ", बरोबर, एवढंच म्हटलं आणि नव्या मागणीत अट घालायला सांगितली: तुकडा सर्वांत जाड भागाच्या मधूनच. नोकरी राहिली. बायको-मुलगी आल्या.

काकांचं हे धातूपुरतं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या बायकोला कशी आहेस विचारलं. ती छान म्हणाली. "हे कडेचं झालं. मधलं सांग," काका म्हणाले, आणि ती काकूंच्या स्वयंपाकघरात तासभर रडली. तिच्याच घरात राहून मला तीन महिने पत्ता नव्हता.

पुढे मी वोल्फ्सबुर्गला गेलो, गाड्यांच्या कामात. दर रविवारी काकांना फोन करायचो. शेवटच्या वर्षी त्यांचा आवाज बारीक झाला होता. कसे आहात विचारलं की म्हणायचे, उत्तम. मग मी मुलीच्या शाळेचं, ती मराठीला जर्मनमधून कशी उत्तरं देते, ते सांगत सुटायचो. वर्षभर मी ते सर्टिफिकेट सरळ बाजूनंच वाचलं.

काका गेल्याचा फोन काकूंनी केला. पोटाचा कॅन्सर होता.

"तू मधलं विचारशील म्हणून त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं रे," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता.

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, काकू, तुम्ही कशा आहात?

"मी ठीक आहे."

मी फोन घट्ट धरला. "काकू, मधलं सांगा."

 पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि काकू बोलायला लागल्या.