गूळमामा आणि अकरा फोटो

आमच्या शेडमध्ये सकाळी नऊला मशीन सुरू व्हायची, पण त्याआधी प्रत्येकाच्या तोंडात गूळ पडायचा. तो मामा स्वतः घालायचे. हातावर ठेवायचे नाहीत, कारण हातावर ठेवलेला गूळ माणूस खिशात टाकतो आणि घरी पोरांना नेतो, असा त्यांचा अनुभव होता. सुपारीएवढा खडा, थेट जिभेवर. मग समोर उभं राहून गिळेपर्यंत बघायचे. "गिळला का? आता लाव मशीन." संध्याकाळी सहाला पुन्हा तेच. आम्ही अकरा जण होतो, त्यातल्या चौघांना नातवंडं होती, पण सगळे लसीकरणाला आल्यासारखे आ करून ओळीत उभे राहायचे. मामांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. शेडमध्ये त्यांना सगळे गूळमामा म्हणत.

शेड शेंद्र्याच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत. काम स्वयंपाकाच्या ओट्यांचं. फरशी कापायची, सिंकचं भोक पाडायचं, कडेला गोलाई द्यायची, पॉलिश मारायचं आणि बंगल्यात नेऊन बसवायचं. बिडकीनकडे जमिनी कंपन्यांना गेल्या तशी तिकडे घरं उठली आणि प्रत्येक घरात पांढराशुभ्र ओटा पाहिजे झाला. ज्यांच्या आईनं जन्मभर चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या त्यांना आता उभं राहून, तेही पांढऱ्यावर, थापायच्या होत्या. थापोत बिचारे, आमची पोटं त्यावरच होती. हा पांढरा दगड खाणीतून निघत नाही. दगडाचं पीठ आणि डिंकासारखं काहीतरी केमिकल दाबून कारखान्यात करतात. आम्ही तो कापायचो तेव्हा त्याचं पुन्हा पीठ व्हायचं. ते पापण्यांवर, डब्यातल्या भाजीवर, सगळीकडे बसायचं. नाकाला दस्ती बांधायचो, आणि संध्याकाळी ती झटकून घरी न्यायचो.

गुळाचं शास्त्र मामांकडे तयार होतं. धूळ घशाला चिकटते, गूळ तिला धरून खाली नेतो, सकाळी ती आपसूक निघून जाते. मामांचे वडील कडप्पा फोडायचे, तेही गूळ खायचे आणि म्हातारे होऊन गेले, हा पुरावा. मामांच्या मेव्हण्याचं गंगापूरकडे गुऱ्हाळ होतं. दोन महिन्यांतून एकदा मामा एसटीनं जायचे आणि अख्खी ढेप मांडीवर घेऊन यायचे. कंडक्टरनं ती खाली ठेवायला सांगितलं तर म्हणायचे, "औषध हाय, खाली नाय ठेवत."

शेठला मामांचं हे शास्त्र फार पटलं होतं. का पटणार नाही? धूळ ओढून घेणाऱ्या पंख्याला लाखाच्या पुढे खर्च होता आणि गूळ मेव्हण्याचा होता. शेठकडे मास्कचा एक खोकाही होता. तो कपाटात कुलपात असायचा, धुळीनं खराब होईल म्हणून. शिवाय भिंतीवर सहा पिवळी हेल्मेटं टांगलेली. साहेब लोक तपासणीला आले की आम्ही सहा जण ती घालायचो आणि उरलेले पाच जण चहाला जायचे. आमच्या शेडमध्ये वरून पडण्यासारखं काहीही नव्हतं. पत्रा होता, तो कधी पडला नाही. मला त्या हेल्मेटांचा आजही राग येतो.

असेच एक साहेब एकदा आले. त्यांनी विचारलं, धुळीचं काय करता? शेठनं मामांना पुढे केलं. मामांनी शास्त्र सांगितलं आणि डबा उघडला. साहेबांनी एक खडा खाऊन बघितला, चांगला आहे म्हणाले, आणि कागदात बांधून अर्धा किलो घेऊन गेले. त्यानंतर मामांचा गुळावरचा विश्वास सरकारी झाला.

आता कामाचं सांगतो, कारण त्यातच सगळं आहे. कापताना पात्यावर पाणी सोडायची सोय मशीनला होती. पाणी असलं की धूळ उडत नाही, खाली चिखल होतो. पण मामा कडेची गोलाई आणि पॉलिश कोरडंच करायचे. "ओला दगड खोटं बोलतो," म्हणायचे. आणि ते खरं आहे. ओली कड चकचकीत दिसते, वाळली की ओरखडे वर येतात, मग गिऱ्हाईक बोंबलतं. मामांच्या हातच्या कडेवर कधी ओरखडा निघाला नाही. ते कोरडी कड गालाला लावून बघायचे. गालाला काही लागलं नाही तर कड पास. सहा वर्षांत मी ती विद्या शिकलो. पाण्याचा नळ बंद करायचा, वाकायचं, तोंड कडेजवळ न्यायचं आणि फिरवत राहायचं. मी मामांचा सगळ्यात चांगला चेला होतो. हे मी अभिमानानं सांगायचो.

खोकला सगळ्यांनाच असायचा. मामांचा वाढला तेव्हा त्यांनी गुळाचा खडा दुप्पट केला. मग एका डॉक्टरनं टीबी सांगितला. सहा महिने गोळ्या. खोकला तसाच. दुसऱ्या डॉक्टरनं पुन्हा टीबी सांगितला, पुन्हा गोळ्या. थुंकीत कधी काही सापडलं नाही, पण दोघांनाही त्याचं नवल वाटलं नाही. मामा तोवर अर्धे झाले होते. शेवटी मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला, जो एवढ्या दिवसांत कोणी विचारला नव्हता. "काका, काम काय करता?"

मामांनी सांगितलं. बाईंनी छातीचा फोटो काढायला लावला, तो खिडकीच्या उजेडात धरला आणि आम्हा दोघांना दाखवला. काळ्यात पांढरे बारीक ठिपके, वर तर ठिपके मिळून गोळे झालेले. सिलिकोसिस, म्हणाल्या. दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते, मग फुप्फुस तिथं आवळत जातं. बसलेली धूळ बाहेर निघत नाही.

"पण मी गूळ खातो रोज," मामा म्हणाले.

"काका, गूळ पोटात जातो. धूळ छातीत जाते. दोन वाटा वेगळ्या आहेत."

मामांनी एक हात पोटावर ठेवला आणि एक छातीवर. काळी-पिवळी जीपनं आम्ही परत निघालो. शेंद्र्याला उतरल्यावर म्हणाले, "संज्या, मी किती जणांना चारला रं?"

"अकरा," मी म्हणालो. "पण मामा, तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"

"मला ठाऊक नव्हतं म्हणून तर तुमी बिनघोर होते," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आला नाही. मामांनी सगळ्या मशीनचे पाण्याचे नळ उघडले आणि शेडच्या मधोमध उभं राहून, दम घेत घेत, सांगितलं की गुळानं काही होत नाही, मी चुकलो, मास्क मागा. लोक नाराज झाले. रफिकभाई आमच्यातले जुने कटर. ते म्हणाले, "मामा, मास्क में दम घुटता. मास्क नक्को, गूड देव." कोणाला वाटलं ढेप संपली. कोणाला वाटलं मेव्हण्याशी बिनसलं. शेठ आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मामा, दवाखान्यात घाबरवतात. तुम्ही घरी आराम करा. गूळ मी देत जाईन." आणि खरंच तिसऱ्या दिवसापासून शेठ गूळ द्यायला लागले. हातावर. मामा फाटकात यायचे आणि आत जाणाऱ्याला म्हणायचे, "थुंक तो." कोणी थुंकला नाही. आठवड्यानं शेठनं त्यांना फाटकात यायलाही मनाई केली.

मग मामांनी फोटोंचं काम काढलं. सोमवारी शेडला सुट्टी. दर सोमवारी ते एकेकाला घरून उठवायचे, दवाखान्यात न्यायचे, रांगेत उभं राहायचे. माणूस फोटोच्या खोलीत गेला की हे बाहेर बाकावर. डॉक्टरीणबाई फोटो खिडकीशी धरायच्या, मामा त्यांच्या मागून बघायचे. साफ असला तर मामा त्या माणसाला चहा पाजायचे. ठिपके निघाले तर तिथंच, दवाखान्याच्या व्हरांड्यात, खाली वाकून त्याच्या पायाला हात लावायचे. पासष्टीचा माणूस पंचविशीतल्या पोराच्या पाया पडतोय, लोक बघायचे. रफिकभाईंच्या पाया पडले तेव्हा रफिकभाई खालीच बसले आणि म्हणाले, "मामा, ऐसा नक्को करू, मेरेकू गुन्हा लगता." मी हे रफिकभाईंकडूनच ऐकलं. दहा जणांचे फोटो झाले. चौघांना ठिपके. रफिकभाईंनी शेड सोडली, दुसऱ्या दोघांनीही. चौथा म्हणाला, हप्ते आहेत, बघू.

अकरावा मी. मी जात नव्हतो. आधी म्हणालो पोरीचं जावळ आहे, मग म्हणालो साडूकडे जायचंय. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मी कोरडी कड सगळ्यात जास्त मारलेली आणि सकाळी दात घासताना मला धाप लागत होती. बायकोला मी ते सांगितलं नव्हतं. शेवटी मी अक्कल लढवली. आमच्यातल्या गणेशचा फोटो साफ निघाला होता. तो मागून आणला आणि मामांना नेऊन दाखवला. मामांनी तो दोन्ही हातांत धरला, खालचा कोपरा वाचला आणि परत दिला. "गणेशचं नाव हाय यावर," म्हणाले. "तुझा आण."

त्यानंतर त्यांनी मला कधी चल म्हटलं नाही. दर सोमवारी सकाळी येऊन आमच्या पायरीवर बसायचे फक्त. बसस्टॉपपासून आमचं घर पाच मिनिटांवर, त्यांना पाऊण तास लागायचा. वाटेत तीन ठिकाणी टेकायचे. बायको चहा द्यायची, ते प्यायचे, दम परत आला की उठून जायचे. पाचव्या सोमवारी बायको मला म्हणाली, "तुमच्या छातीचं तुमी बघा, पन या मान्साला आता चालवत नाय. तुमी जाऊन आले म्हंजे ते यायचे थांबतेन." मी गेलो. त्यांना न सांगता गेलो.

ठिपके होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक आहेत, आजपासून दगडापासून लांब राहिलात तर कदाचित वाढायचे नाहीत. कदाचित, असं दोनदा म्हणाल्या. मी आता पडद्यांच्या दुकानात आहे, घरोघर जाऊन खिडक्यांची मापं घेतो. दोन जिने एका दमात चढतो, तिसऱ्याला थांबून फोन आल्यासारखं करतो. मामांना जाऊन चार वर्षं झाली. मास्कचा खोका अजून कपाटातच आहे, असं गणेश सांगतो.

फोटो घेऊन मी त्याच दिवशी मामांकडे गेलो होतो. दवाखान्यातून निघताना मी ठरवलं होतं की काहीही झालं तरी या माणसाला माझ्या पाया पडू द्यायचं नाही. मामा पलंगावर उशांना टेकून बसलेले, आता घरी असले की नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर. मामी दारात गहू निवडत होत्या. मी फोटो त्यांच्या हातात दिला आणि आवाज चढवून म्हणालो, "साफ हाय मामा. बाई म्हणल्या एकदम साफ." नाव माझंच होतं, ते त्यांनी वाचलं. मग फोटो खिडकीच्या उजेडात धरला. वर बघितलं, खाली बघितलं, पुन्हा वर. मी मामींच्या सुपाकडे बघत बसलो. या माणसानं दहा जणांचे फोटो डॉक्टरीणबाईंच्या मागे उभं राहून बघितले आहेत, हे त्या घटकेला माझ्या डोक्यातच आलं नाही.

"व्हय," मामा म्हणाले. "साफ हाय." फोटो पाकिटात घालून त्यांनी मला परत दिला. "पन उद्यापास्नं त्या शेडात जाऊ नको."

"साफ हाय तर काहून?" मी म्हणालो. खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं.

"मी सांगतो म्हनून."

"बरं. नाय जात."

मी निघालो तर ते नळी काढून उठायला लागले. मामी म्हणाल्या, "बसा की, कुठं चालले?" ते म्हणाले, त्याला दारापोतर सोडतो. भिंत धरून चार पावलं आले. दारात मी वळून "येतो" म्हणालो, आणि मामा खाली वाकायला लागले. मी त्यांचे दोन्ही खांदे धरले. ते वाकायचा जोर करत होते आणि मी धरून ठेवत होतो. सत्तर किलोची फरशी एकट्यानं पाठीवर घेणारा माणूस, आणि त्याला अडवायला मला काहीच जोर लागला नाही.