पेल्याच्या काठावरचं लोणी

आमच्या गावात किन्झोम दिदीला तोंडावर कुणी लबाड म्हणत नाही, कारण छांग, म्हणजे आमची धान्य आंबवून केलेली घरची दारू, तिच्यासारखी दुसऱ्या कुणाला जमत नाही. माघारी सगळेच म्हणतात. मी तिची शेजारीण. दोघींच्या बटाट्याच्या शेतांमध्ये एकच दगडी बांध. त्या बांधावरून तिचे उद्योग बघण्यात माझी वीस वर्षं मजेत गेली.

यंदा तिच्या नवऱ्याचं, थारकेदाइचं, पुन्हा गिर्यारोहकांच्या मोहिमेवर जायचं घाटत होतं. वय अठ्ठावन्न, पायाची दोन बोटं बर्फाने खाल्लेली. तरी अंगणात बूट उन्हाला टाकून, दोर उलगडून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, "बर्फातल्या भेगांवर शिड्या टाकायला माझ्याशिवाय आहे कोण?" अशाच एका भेगेत दिदीचा धाकटा भाऊ गेला, तो सापडलाच नाही. दिदी शेतात शेण पसरत नवऱ्याच्या फुशारक्या ऐकायची आणि काही बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा मला धडकी भरते.

माणसं जमवत होता ग्याल्झेन सरदार. सरदार म्हणजे तलवारीचा नव्हे. मोहिमेची माणसं, याक आणि ओझी सांभाळणारा. आमच्याकडे कुणाकडे काही मागायचं तर छांग घेऊन जातात. पेल्याच्या काठाला लोण्याचं बोट लावायचं, 'शे, शे' म्हणजे 'पी, पी' करत तीनदा भरायचं. समोरच्याने एकदा घेतली की 'नाही' म्हणायची सोय संपली. थारकेदाइने ग्याल्झेनची छांग नामचेच्या बाजारातच घेतली होती. राहिली होती बायको. ती प्यायल्याशिवाय नवऱ्याला वर नेत नाहीत. मागे काही झालं तर तिचे शिव्याशाप कोण खाणार?

मंगळवारी ग्याल्झेन बुधला घेऊन पायवाटेवर दिसला, आणि दिदीने न्युङ्ने धरल्याचं जाहीर केलं. पहिल्या दिवशी एकभुक्त, दुसऱ्या दिवशी अन्न नाही, पाणी नाही, बोलणंही नाही. हे व्रत आम्ही जूनच्या सुमारास करतो. तेव्हा एप्रिल चालू होता.

"दिदी, आत्ता कसलं व्रत?" ग्याल्झेनने विचारलं.

"पुण्य म्हणजे काय याक आहे का भाऊ, ऋतू बघून खाली-वर हाकायला?"

"मग घोटभर तरी घे."

"व्रतात तुझी छांग पिऊ? उद्या ये की."

तो बुधवारी आला. दिदी जपमाळ ओढत बसलेली, तोंडाला कुलूप. त्याने विचारलं, विनवलं, शेवटी वैतागला. दिदीने ओठांवर बोट ठेवलं आणि गोड हसली.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा गप्प बसली आहे," थारकेदाइ म्हणाला, "आणि तेही नेमकी आजच."

"उद्या याक लादायचे आहेत," ग्याल्झेन म्हणाला. "उजाडताच येतो. व्रत सुटलं की पहिला पेला माझा."

गुरुवारी झुंजूमुंजू होताच दिदीने वाटीभर पेज पिऊन व्रत सोडलं, माझ्या हातात बुधला दिला आणि मला ओढत ग्याल्झेनच्या दारात नेलं. तो बूट चढवत होता.

"अगं, मीच निघालो होतो तुझ्याकडे."

"म्हणून तर आले. तुझी पायपीट वाचवली. शे."

त्याने काठावरचं लोणी पाहिलं आणि सगळं ओळखलं. पण दिदीची छांग समोर असताना नको म्हणणं त्याच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. तीन पेले झाले.

"थारकेला तळावरच्या चुलीपाशी ठेव," दिदी म्हणाली. "भेगांकडे एक पाऊल नाही."

"आणि शिड्या कोण टाकणार?"

"टाकतील तुझे जवान गडी. त्याच्या पायाची आठच बोटं उरलीत, ती मला मोजून परत हवीत."

ग्याल्झेनने कपाळाला हात लावला आणि कबूल केलं.

परत आलो तर थारकेदाइ दारात उभा. हातात पेला, काठाला लोण्याचा हा एवढा गोळा.

"शे," तो म्हणाला.

"कशासाठी पाजतोयस रे म्हाताऱ्या?"

"आधी पी."

दिदी प्यायली. मला वाटलं, आता हा वर जायची परवानगी मागणार, आणि मला त्याचा रागच आला. पण तो अंगणातल्या बुटांकडे बघत राहिला.

"ग्याल्झेन येईल आता. त्याला तूच नाही म्हण. मी त्याची पिऊन बसलोय, आणि गावभर बढाया मारून झाल्यात." मग हळूच म्हणाला, "भेगेशी गेलं की तुझा भाऊ दिसतो गं. भीती वाटते मला."

दिदीचे डोळे भरले. माझेही भरले. भेगा तर टळल्याच आहेत हे सांगायला मी तोंड उघडलं, तर तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तोंड मिटलंच.

तिने रिकामा पेला पुढे केला. "तीनदा भरायचा असतो. रीत विसरलास?"

त्याने आणखी दोनदा भरला. दिदीने सावकाश संपवला, ओठ पुसले.

"अवघड आहे," ती म्हणाली, "पण बघते."