धाऊच्या नावाची प्रार्थना

शेजारची पोरं कैऱ्या पाडतात म्हणून बारकूनं एकदा स्वतःचंच आंब्याचं झाड तोडलं. पोरं दुसऱ्या झाडाकडे गेली. बारकू उरलेल्या बुंध्यावर बसून राहिला आणि त्या वर्षी घरात लोणचं झालं नाही. शेणव्याकडच्या त्या वाडीत बारकूच्या रागाच्या अशा पुष्कळ गोष्टी आहेत. सगळ्यांत शेवटी नुकसान बारकूचंच होतं.

त्याची बायको बाईजा त्याला रविवारच्या प्रार्थनेला घेऊन गेली ती काही त्याच्या आत्म्याच्या काळजीनं नव्हे. घरातली भांडी आणखी चेपू नयेत एवढीच तिची देवाकडे मागणी होती. किन्हवलीच्या रस्त्याला एका पत्र्याच्या खोलीत प्रार्थना व्हायची. मुरबाडहून सुनिल पाळक मोटारसायकलवर यायचे. तरुण माणूस, आवाज मऊ, बुटांना कायम चिखल.

बारकूनं बाप्तिस्मा घेतला आणि खरंच बदलला. शिवी तोंडाशी आली की गिळायचा. गिळताना त्याच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची. वाडीतली माणसं ती बघायला मुद्दाम थांबायची.

"काय रे बारकू, आज केवढी गिळली?"

"लहान होती," बारकू सांगायचा.

सगळ्यांत मोठ्या शिव्या त्याला धाऊमुळे गिळाव्या लागत. धाऊ म्हणजे थोरला भाऊ. वरचं खाचर धाऊचं, खालचं बारकूचं. बारकू वाघोबाच्या पूजेला यायचा बंद झाला तेव्हा धाऊ चारचौघांत म्हणाला, "आमच्या बारकूला आता घरचा देव पुरत नाय." बारकूची घाटी तीनदा हलली. पाळकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, भावाचा राग येतो ना, मग त्याच्यासाठीच प्रार्थना करा.

बारकू आज्ञाधारक माणूस. पुढच्या रविवारपासून तो उभा राहू लागला.

"हे प्रभू, माझा भाऊ धाऊ याला माफ कर. तो दर वर्षी माझ्या बांधाची माती फावड्यानं आपल्याकडे ओढतो, तरी माफ कर. वाटणीत त्यानं म्हैस घेतली आन मला रेडकू दिलं, तरी माफ कर. त्याचं तोंड घाण हाय, ते तू धू."

आमेन, खोली म्हणायची. बारकूचा आवाज बैल हाकून तयार झालेला. तो पत्र्यावर आपटून थेट रस्त्यावर जायचा. मोठी ढेकर दिल्यासारखा हलका होऊन बारकू बाहेर पडायचा.

"झाल्या शिव्या देऊन?" बाईजा विचारायची.

"शिव्या कशाच्या? प्रार्थना केली."

"ऐकली मी. माज्या कानांना चव कळते."

भाद्रपदात पाऊस थांबला. भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडून दाण्यात दूध भरत होतं. अशा वेळी खाचर वाळलं तर लोंब्या दिसतात मोठ्या आणि दाणे पोकळ राहतात. झऱ्याचं पाणी आधी धाऊच्या खाचरात यायचं आणि बांधातल्या तोंडातून बारकूकडे उतरायचं. धाऊनं ते तोंड चिखलानं गच्च बुजवलं. बारकूच्या खाचराला भेगा पडल्या. घरात वर्षभर भात शिजणार की नाही, ते त्या चिखलाच्या बुचावर येऊन ठेपलं.

बारकू बांधावर गेला. धाऊ काठी टेकून उभा होता.

"दादा, पाणी सोड."

"आदी तू मला सोड."

"मी कुठं धरलंय तुला?"

"दर रविवारी तुज्या देवापुढं माजं नाव घेतोस का नाय?"

"घेतो. तुज्या भल्यासाठी घेतो."

"भल्यासाठी! शेळी मेली. बायकोला ताप आला. आन मला..." धाऊनं इकडंतिकडं बघितलं. "बसायच्या जागी गळू झालंय. उभ्यानं जेवतोय रे!"

बारकूला राग गिळायची सवय होती. हसू गिळायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ते नाकातून बाहेर आलं. धाऊनं काठी उचलली.

धाऊची बायको सावळी गवत कापत होती. ती विळा घेऊनच मध्ये आली.

"बारकू भावजी, आमच्या वाघोबाला म्हाईत हाय, ह्यो धाऊ कसा हाय. तुमचा देव लांबचा. त्याला आमची वळख नाय. तुमी जसं सांगाल तसं तो धरणार."

"वहिनी, ती करणी नाय. ती माफी हाय."

"माफ करायचं तर माणूस हितं येतं, भावाजवळ बसतं. रस्त्याला ऐकू जाईल अशी भावाची धुणी धुतात, त्याला तुमच्यात माफी म्हणतात?"

बारकूनं सवयीनं गिळायला सुरुवात केली. गिळायला काहीच सापडलं नाही. एवढ्या रविवारांत त्यानं एकही शिवी गिळली नव्हती; फक्त देवाच्या कानात थुंकत आला होता, आणि देव ऐकून घेतो म्हणून खूश होता.

"नाव घ्यायचं बंद कर," धाऊ म्हणाला. "मग बघू."

रविवारी बारकूनं पाळकांना सगळं सांगितलं. पाळक अडचणीत आले. "करणीच्या भीतीपुढे आपण झुकायचं? मग शत्रूसाठी प्रार्थना करायची कशी?"

"झुकायचं नाय पास्टर," बाईजा म्हणाली. "गप बसायचं. ह्याला तेवढंच जमत नाय."

बारकूची पाळी आली. तो उभा राहिला. खिडकीतून त्याला रस्ता दिसत होता. पलीकडच्या करंजाखाली डोक्यावर गवताचा भारा घेऊन सावळी उभी होती. भारा जड असणार, पण ती हलत नव्हती.

त्याच्या डोक्यात सगळी यादी तयार होती. शिवाय नवीन भर: सख्ख्या भावानं निसवल्या भाताचं पाणी तोडलं. असा गुन्हा सांगितला असता तर पत्रे उडतील एवढं मोठं आमेन आलं असतं. बारकूनं तोंड उघडलं. घाटी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी त्याला पाण्याचा तांब्या द्यायला उठली.

"आमेन," बारकू म्हणाला आणि खाली बसला.

खोली गोंधळली. काय मागितलं हे न कळताच दोघंचौघं आमेन म्हणाले. बारकूनं पुन्हा खिडकीकडे बघितलं तेव्हा करंजाखाली कोणी नव्हतं.

सकाळी तो खाचरावर गेला. बांधातल्या चिखलाला एका टाचेनं भोक पाडलेलं होतं. त्यातून मनगटाएवढी धार उतरत होती. धाऊ वरून ओरडला, "एवढंच सोडलंय! पुढचा रविवार बघून बाकीचं!"

बारकूकडे उत्तर होतं, आणि चांगलं होतं. तो खाली वाकून धारेच्या वाटेतली ढेकळं बाजूला करू लागला. पाणी आधी भेगांत गेलं. भेगा खोल होत्या, बराच वेळ नुसतं गिळत राहिल्या. मग भाताच्या पहिल्या चुडांच्या मुळाशी पाणी दिसलं आणि तो पुढच्या ढेकळाकडे सरकला.