जाळलेल्या पुस्तिकेचं वर्णन

माझ्या सासऱ्यांना जुन्या पुस्तकांचा नाद होता आणि त्या नादाचं काम माझ्या गळ्यात होतं.

लग्न होऊन मी नगरला तोफखाना भागातल्या घरी आले, तेव्हा वाटलं होतं की शिकलेलं घर आहे, वाचायला तरी मिळेल. मिळालं, पण काय वाचायचं आणि किती मोठ्यानं वाचायचं, ते मामंजी ठरवणार. ते हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी मॅट्रिक, अक्षर बरं. लग्नाची हळद उतरली नव्हती तोच त्यांनी मला माडीवर बोलावलं आणि म्हणाले, "सूनबाई, आजपासून हे तुझं."

हे म्हणजे पत्र्याच्या छपराखाली भिंतीला लावलेल्या ट्रंका. त्यांत शिळाछापाच्या पोथ्या, पटकीवरची माहितीपत्रं, मिशनऱ्यांच्या धर्मपुस्तिका आणि त्यांना शास्त्र्यांनी दिलेली उत्तरं, जुनी अंकलिपी, लावण्यांची चोपडी असं काय काय होतं. कडुनिंबाचा पाला घालूनही कसर लागायचीच. दुपारची भांडी आवरली की मी वर जायची. ते आरामखुर्चीत डोळे मिटून बसायचे. मी एकेक पुस्तक हातात घेऊन आकार, कागद, छापखाना, कुठलं पान गहाळ आहे, कुठं डाग आहे ते सांगायची. मग ते वर्णन सांगायचे आणि मी मोठ्या सुट्या कागदावर उतरवून घ्यायची. हा सगळा संग्रह त्यांना पुण्याच्या एका संस्थेला द्यायचा होता आणि सोबत ही वर्णनंही.

त्यांनी कधी "बरं लिहिलंस" म्हटलं नाही. चुकलं की मात्र एक वाक्य ठरलेलं होतं, "तुझ्या माहेरी हेच शिकवलं का?"

माझ्या माहेराचं नाव त्यांनी घ्यावं हेच मला सहन व्हायचं नाही. त्याचं कारण होती माझी आत्या.

आत्या लहानपणीच विधवा झाली. आजोबांनी तिचे केस काढू दिले नाहीत, तिला शिकवलं, आणि पुढे ती इस्पितळात नर्सचं काम शिकायला लागली. तेव्हा नगरच्या बाजारात एक पुस्तिका फुकट वाटली गेली. नाव होतं 'नव्या बाईचा जुना धंदा, अर्थात शिक्षणाचे सोंग'. लेखक 'एक स्वधर्माभिमानी'. पण तो स्वधर्माभिमानी कोण, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तेव्हा ते ऐन तिशीतले मास्तर होते, पुढे माझे सासरे झाले. आत्याचं इस्पितळ सुटलं. आजोबांकडे श्राद्धाला भटजी मिळेना. आत्या बरीच वर्षं परमुलखात राहिली आणि म्हातारपणी परत येऊन नगरातच, माळीवाड्यात एका खोलीत एकटी राहू लागली.

एवढं असून वडिलांनी मला त्याच घरात दिलं. "जुनी गोष्ट आहे. माणूस आता निवळलाय. मुलगा कचेरीत कायम आहे," असं ते म्हणाले. आत्या लग्नाला आली नाही.

त्या पुस्तिकेची एकही प्रत कुणाकडे राहिली नव्हती. ती का राहिली नव्हती, हे मला सासरी आल्यावर कळलं. मामंजी जुनी कागदपत्रं विकायला येणाऱ्याला पहिला प्रश्न त्या नावाचा करत. प्रत निघाली की ती ट्रंकेत यायची नाही. आणि हाच माणूस मला दर दुपारी ऐकवायचा, "छापलेली एक ओळसुद्धा नष्ट करणं हे पाप आहे. आपल्या धर्माला शिव्या देणारी असली तरी!" दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे कागद मिळेनासा झाला तेव्हा वाणी जुन्या पोथ्यांच्या पुड्या बांधू लागले. मामंजी माझा हात धरून दुकानादुकानांत जायचे आणि वाण्यांवर ओरडायचे. लोक म्हणायचे, काय हा विद्येचा कळवळा!

लढाई संपता संपता तिसगावचा एक शेतकरी गाडीतून पोतं घेऊन आला. त्यानं एका मास्तरांचं पडीक घर घेतलं होतं.

"माळ्यावर हुतं हे," तो म्हणाला. "आमची म्हातारी चुलीत घालाया निघाली हुती. म्या म्हनलं, नगरात एक मास्तर जुनं कागुद लई जपत्यात, त्येन्लाच देऊ."

मामंजी नेहमीप्रमाणे त्याला विचारायला लागले, पण त्याला वाचता येत नव्हतं. पोतं माडीवर गेलं आणि दुपारी मी ते सोडलं. पंचांगांच्या गठ्ठ्यात ती पुस्तिका होती. पिवळी पडलेली, वरच्या कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेली, पण अख्खी.

मी नाव मोठ्यानं वाचलं.

 मामंजी हात पुढे करून म्हणाले, "इकडे दे ती."

"वर्णन घेऊन देते," मी म्हटलं, आणि वाचायला लागले. मोठ्यानं. त्यांनी मला तसंच शिकवलं होतं. आत्याच्या रात्रपाळीबद्दल काय लिहिलं होतं, डॉक्टरांबद्दल काय, आजोबांना उद्देशून कोणती शिवी छापली होती, सगळं.  इतकी घाण मी कल्पनेतही आणली नव्हती. घरात लोक 'ती पुस्तिका' म्हणायचे, त्यामुळे मला वाटायचं की काहीतरी धर्माची वादावादी असेल. ती वादावादी नव्हतीच. चव्हाट्यावर एका बाईचं लुगडं फेडणं होतं.

"पुरे!" ते ओरडले. उठले, चाचपडत आले आणि माझ्या हातातून पुस्तिका हिसकावली. भिंतीला धरून जिना उतरले. मी मागोमाग गेले. न्हाणीघरात बंब पेटलेला होता. त्यांनी पुस्तिकेची घडी करून ती बंबाच्या नळीत कोंबली आणि धूर येईपर्यंत तिथंच उभे राहिले.

"छापलेली ओळ नष्ट करणं पाप ना, मामंजी?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"मला एवढं कळतंय, की तुम्हाला लाज वाटत असती तर तुम्ही माळीवाड्यात गेला असतात. बंबाशी नसता आलात."

त्यांनी हात उगारला होता. मारलं नाही. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी वर गेले आणि कागद घेतला. नाव, आकार, पृष्ठं, कागदाचा रंग, कुरतडलेला कोपरा, मजकुराबद्दल दोन ओळी. त्यांनीच शिकवलेल्या पद्धतीनं, त्यांच्याच भाषेत. 'लेखक' या शब्दापुढे त्यांचं पूर्ण नाव घातलं. शेवटी लिहिलं, 'ही प्रत लेखकाने वर्णनकर्तीच्या समक्ष स्वहस्ते जाळली.'

मी वर काहीतरी लिहिल्याचा मामंजींना संशय आला होता; संध्याकाळी यजमान कचेरीतून आले तेव्हा त्यांना तो कागद शोधून वाचायला लावला. वाचून झाल्यावर मामंजी म्हणाले, "फाड."

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात वडिलांचा शब्द मोडलेला नव्हता. कागद हातात धरून तो नुसता उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं नाही, वडिलांकडेही नाही. मग त्यानं कागद गठ्ठ्यात परत ठेवला आणि पाय धुवायला खाली गेला. त्या दिवसापासून मामंजींनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. वाढायला सासूबाईच. माडीला कुलूप.

मला वाटलं, हे आत्याला सांगितलंच पाहिजे. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिच्या बाजूनं उभं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी भाजी आणायच्या निमित्तानं मी माळीवाड्यात गेले. आत्या तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, कागदावर काय लिहिलं तेही.

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"जळली ना ती?"

"हो. माझ्यासमोर."

"शेवटची असेल?"

"बहुतेक."

"मग कशाला लिहून ठेवलंस?" ती म्हणाली. "त्या माणसाला आणि मला जन्मात एकच गोष्ट सारखी हवी होती. ती पुस्तिका या जगातून जावी. काल ती गेली, आणि तू लगेच तिला परत आणलंस."

"पण आत्या, त्याचं नाव लोकांना कळायला नको?"

"नाव त्याचं कळेल, पण पुढे कुणी पोरगा विचारील, ही बाई कोण? मग शोधील. तुला तुझ्या सासऱ्यावर सूड घ्यायचा होता, तो घे. माझी चिंधी काठीला बांधून नको मिरवूस."

"मी तुझ्यासाठी केलं."

"मला विचारलं होतंस?"

मला राग आला. आजही येतो. मी म्हटलं, "तू गप्प बसलीस म्हणून तो इतकी वर्षं विद्वान म्हणून मिरवला."

आत्यानं दाराकडे बोट दाखवलं.

मामंजी पुढच्या उन्हाळ्यात गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी मला हाक मारली नाही आणि मीही त्यांच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. तेरावं उरकल्यावर नवऱ्यानं माडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी ट्रंका लावल्या, वर्णनं क्रमानं लावली. तो कागद हातात आला तेव्हा मी पुष्कळ विचार केला. आत्याचं नाव त्यात नव्हतं, पण शहाण्याला कळायला किती वेळ लागतो? पुस्तिकेतल्या मजकुराबद्दलच्या दोन ओळी मी खोडल्या, वाचता येणार नाहीत अशा. बाकीचं ठेवलं. एका माणसानं केलेलं कृत्य त्याच्या नावासकट कुठंतरी नोंदलेलं असावं, यावर मी अडून बसले. आत्याला ते नको होतं, हे मला पक्कं माहीत होतं.

पुण्याहून संस्थेची माणसं आली. त्यांतल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी वर्णनं चाळली आणि ते त्या कागदाशी थांबले.

"बाई, जे पुस्तक नाहीच, त्याची नोंद कशी घ्यायची?"

"जशी केलीय तशी," मी म्हटलं.

"कैलासवासी मास्तरांचं नाव आहे यात. संग्रह त्यांच्या नावानं राहणार आहे."

"म्हणूनच."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "ती सांगते तसं करा." ट्रंका गाडीत चढल्या आणि माडी रिकामी झाली. मला वाटलं होतं की मोकळं वाटेल. नुसता पत्रा तापत होता.

आत्याला ते कुणाकडून तरी कळलंच. त्या दिवाळीला मी तिला फराळाचा डबा पाठवला, तो झाकण न उघडता परत आला. पुढच्या दिवाळीलाही तसाच. मी पाठवायची थांबले नाही, ती परत करायची थांबली नाही, आणि चाळीस सालानंतरचं ते दशक आम्हा दोघींचं असंच सरलं.